गणेशखिंडीतला लाटसाहेबाचा बंगला, परळचा बंगला आणि प्लेग

खिंडवाली

पुणे विद्यापीठाच्या मेन बिल्डिंगमध्ये आपण बहुतेक सगळे कधी ना कधी गेलेलो असतो, मायग्रेशन सर्टिफिकेट, ट्रान्स्क्रिप्ट, मार्कशीटवरचं चुकलेलं नाव, असल्याच कामांसाठी, आणि काम झालं की गेटबाहेर येऊन रिक्षावाल्याशी हुज्जत. मान वर करून कोण बघतंय. यावेळी भाचीचं काम होतं, ती रांगेत आणि मी मोकळी, म्हणून मग बिल्डिंगला निवांत प्रदक्षिणाच घातली. घरी येऊन वाचत बसले आणि वाचता वाचता पार परळपर्यंत पोचले, म्हणून हा धागा.

ही मेन बिल्डिंग म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी बंगला. मुंबई इलाख्याच्या लाटसाहेबाचं बिऱ्हाड सतत पाठीवर असायचं, थंडीत मुंबई, उन्हाळा लागला की महाबळेश्वर, आणि पाऊस सुरू झाला की पुणं. सोबत सेक्रेटरी, बॅण्ड, खानसामे, घोडे, दप्तरं असा सगळा लवाजमा. आधी पुण्याजवळ दापोडीला बंगला होता, सर जॉन माल्कमने १८२८ मध्ये कॅप्टन फोर्डकडून घेतलेला (हा फोर्ड म्हणजे पेशव्यांच्या कवायती पलटणीवरचा इंग्रज अधिकारी). नंतर बार्टल फ्रिअर साहेब गव्हर्नर झाले १८६२ मध्ये आणि त्यांना दापोडी पुरेना.

आता फ्रिअरचं टायमिंग बघा. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध चालू, तिथला कापूस बंद, त्यामुळे आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव, मुंबईत पैशाचा नुसता पाऊस पडत होता. १८६४ मध्ये गणेशखिंडीत बांधकाम सुरू झालं. नकाशा जेम्स ट्रबशॉचा, मुंबईच्या कोटाचे तट पाडून नवं शहर आखायला जी समिती नेमली होती तिचा हा आर्किटेक्ट. मग १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस आपटला, मुंबईतल्या बँका बुडाल्या, पण बंगला काही थांबला नाही, तो वाढतच गेला आणि १८७१ ला पुरा झाला. खर्च अंदाजाच्या कितीतरी वर. तोवर फ्रिअर जाऊन फिट्झजेराल्ड आले होते, आणि त्यांनी पैसे कमी पडतायत अशी रड चालू असतानाच ५०० पौंडांचं झुंबर मागवलं! ते थेट लंडनच्या पार्लमेंटात गाजलं, मुंबईचे गव्हर्नर किती उधळे आणि कसे ऐकत नाहीत याचा नमुना म्हणून. सरकारी बंगल्याच्या नूतनीकरणावरून बोंबाबोंब व्हायची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे म्हणायची.

बिल्डिंग बाहेरून काळ्या दगडाची, मधे उंच चौकोनी मनोरा. व्हिक्टोरिया राणीचं आइल ऑफ वाइटवरचं ऑस्बोर्न हाऊस आहे ना, त्या इटालियन धाटणीच्या मनोऱ्याचा हा भाऊबंद. ऑस्बोर्न हाऊस बाहेरून फिकट रंगाचं आहे, आणि तोच प्रकार आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात केल्यावर तो एकदम वेगळाच दिसतो, जरा रागावल्यासारखा. बाजूच्या व्हरांड्यातून जाताना एका कमानीच्या वर आग्यामोहोळ लटकत होतं, खाली स्टीलच्या कपाटावर लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, त्याला टेकून कोणाचा तरी डबा, आणि दोन खांबांच्या मधल्या जागेत एक कूलर अर्धा कमानीत अर्धा बाहेर असा बसवलेला, खाली ठिबकणाऱ्या पाण्याला बादली. मला हे बघून वाईट वगैरे अजिबात वाटलं नाही. जिथे साहेब आणि मडमा नाचायच्या त्या दालनाला आज संत ज्ञानेश्वर सभागृह म्हणतात, यापेक्षा चांगला सूड कोणाला सुचला असता?

पण खरी गोष्ट पुढची आहे. पोर्चमध्ये उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की २२ जून १८९७ च्या रात्री रँडची गाडी याच घरातून निघाली. शाळेत आपण 'गणेशखिंडीत रँडचा वध' इतकंच शिकतो, गणेशखिंडीत तो गेला कशाला होता ते कोणी सांगत नाही. राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून गव्हर्नर सँडहर्स्टने या बंगल्यावर मेजवानी ठेवली होती. टेकड्यांवर होळ्या पेटवलेल्या. आणि खाली गावात काय, तर सहा महिन्यांपासून प्लेग, घराघरात शिरणारे सोल्जर, सामान रस्त्यावर, माणसं उचलून सेग्रिगेशन कॅम्पात. त्या प्लेग कमिटीचा मुख्य हा रँड.

दामोदरपंत चाफेकरांनी तुरुंगात लिहिलेली हकिकत आहे, जरूर वाचा. संध्याकाळी रँड बंगल्याकडे जाताना त्यांना दिसला, ओळखलाही, पण परत येतानाच गाठायचं ठरलं. तलवारी आणि कुऱ्हाड अंगावर बाळगायला अवघड व्हायला लागली म्हणून रस्त्यातल्या एका दगडी मोरीखाली ठेवून दिली, पिस्तुलं तेवढी जवळ. मध्यरात्रीनंतर गाड्या सुटल्या. रँडची गाडी ओळखून दामोदरपंत मागे पळत निघाले, पिवळ्या बंगल्याशी आल्यावर 'गोंद्या आला रे' अशी खूण दिली, गाडीचा मागचा पडदा वर केला आणि गोळी घातली. मागच्या गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट होता, त्याच्यावर दामोदरपंतांचे भाऊ बाळकृष्ण यांनी झाडली. आयर्स्ट तिथेच गेला, रँड ३ जुलैला.

आता परळ. गणेशखिंड पावसाळ्यापुरती, गव्हर्नरचं मुंबईतलं मुख्य घर शंभरेक वर्षं परळला होतं. ते घर आज कुठलं, तर हाफकिन इन्स्टिट्यूट! प्लेगवर लस काढणाऱ्या वाल्डेमार हाफकिनच्या प्रयोगशाळेला जागा हवी होती, आणि परळचा बंगला रिकामा होता. १० ऑगस्ट १८९९ ला उद्घाटन, हस्ते पुन्हा तेच सँडहर्स्ट साहेब. म्हणजे एका बंगल्यावर त्यांनी मेजवानी दिली आणि पाहुणे घरी जाताना प्लेगपायी मारले गेले, आणि दोन वर्षांनी दुसरा बंगला त्यांनीच प्लेगच्या लशीला देऊन टाकला. हे दोन बंगले मला आता सुटे दिसतच नाहीत.

परळच्या, मलबार पॉईंटच्या किंवा तुमच्या गावातल्या अशा साहेबी बंगल्यांबद्दल कोणाला माहिती असेल तर लिहा. आत जाऊन आलेल्यांनी विशेष करून.

मध्यरात्रीचा_चहा

भारी लिहिलंय ताई. एम.एस्सी.ची दोन वर्षं त्या बिल्डिंगसमोरच्या वडाखाली चहा पिण्यात घालवली, एकानेही हे सांगितलं नाही. वाचनखूण साठवली.

पंतोजी_६२

लेख चांगला, थोडी भर घालतो. दापोडीच्याही आधी संगमावर इंग्रज वकिलाची रेसिडेन्सी होती, चार्ल्स मॅलेटच्या काळापासून. तिथे एल्फिन्स्टन राहत असे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली त्या दिवशी पेशव्यांच्या लोकांनी ती जाळली, त्यात एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रहही गेला. तो स्वतः थोडा आधी निसटून खडकीच्या तळावर पोचला होता. आणि ती लढाई झाली कुठे, तर खडकी आणि गणेशखिंड यांच्या मधल्या माळावर. बाजीराव पर्वतीवरून बघत होते. बापू गोखले घोडदळ घेऊन पुढे घुसले ते दलदलीत अडकले, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे ज्या खिंडीजवळ राज्य हातचं गेलं तिथेच पन्नास वर्षांनी त्यांनी बंगला उठवला. जागा उगाच निवडली असेल असं मला वाटत नाही, पण याला कागदोपत्री पुरावा माझ्याकडे नाही, हे माझं मत समजा.

दुसरं, विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ ला स्थापन झालं पण ते लगेच या इमारतीत आलं नाही. सुरुवातीला भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाऊसमधून कारभार चालायचा, जूनपासून गणेशखिंड. पहिले कुलगुरू बॅ. मु. रा. जयकर. चारशे अकरा एकरांचा परिसर विद्यापीठाला मिळाला यात बाळासाहेब खेरांचा वाटा मोठा.

नुसताच_वाचक

माफ करा पण इंग्रजांच्या बंगल्यांचं एवढं काय कौतुक? आपल्याच पैशाने बांधले, आपल्याच माणसांनी दगड वाहिले, आणि नकाशा काढणाऱ्याचं नाव राहिलं. वाडे पडतायत पेठेत, त्यावर धागा काढा की.

खिंडवाली

@नुसताच_वाचक, वाड्यांवर तुम्ही काढा ना, पहिला प्रतिसाद माझा. कौतुक मी बंगल्याचं केलंच नाहीये, झुंबराचा किस्सा काय कौतुक म्हणून सांगितला? पण दगड वाहणाऱ्यांची नावं राहिली नाहीत हे अगदी मान्य. पेठेतले वाडे पडले आणि हे टिकले त्याचं कारणही सरळ आहे, वाड्यात चौदा वारस आणि तीस भाडेकरू, इथे एकच मालक आणि तो सरकार.

पंतकाका, संगमाची भर मस्त. एल्फिन्स्टनची पुस्तकं जळाल्याचं माहीत नव्हतं.

चिंचवडकर

ताई, चाफेकरांचा भाग वाचताना काटा आला. फक्त दोघा भावांवर थांबू नका. द्रविड बंधूंनी चाफेकरांची खबर पोलिसांना दिली, ८ फेब्रुवारी १८९९ ला धाकट्या वासुदेवने आणि महादेव रानडेने त्यांना संपवलं. फाशीच्या तारखा बघा, दामोदरपंत १८ एप्रिल १८९८, मग पुढच्या वर्षी मे महिन्यात वासुदेव ८ ला, रानडे १० ला, बाळकृष्ण १२ ला. पाच दिवसांत तिघं, त्यातले दोन सख्खे भाऊ. आईबापांचं काय झालं असेल. चिंचवडला वाडा आहे, स्मारक केलंय, मेन बिल्डिंग बघणाऱ्याने त्याच दिवशी इथेही यावं असं माझं म्हणणं आहे, नाहीतर गोष्ट अर्धीच राहते.

लालबागची_पोर

परळ म्हटलं की मी येणारच :)

माझे बाबा हाफकिनच्या लॅबमध्ये होते त्यामुळे लहानपणी गॅदरिंगला वगैरे आत जायला मिळायचं. केईएमच्या, टाटाच्या गर्दीतून गेटच्या आत पाय टाकला की एकदम आवाज बंद होतो, मोठी झाडं, आणि समोर ती दगडी बिल्डिंग. आम्हा पोरांना त्यात इंटरेस्ट नव्हता, आम्हाला साप बघायचे असायचे. सापाच्या विषावरचं औषध तिथे बनायचं ना, विष काढताना काचेच्या भांड्यावर ताणून बसवलेल्या पडद्यावर सापाचं तोंड दाबायचे, दात आत रुतायचे आणि पिवळट थेंब ओघळायचा, ते बघून माझा भाऊ दोन दिवस जेवला नव्हता. घोडे मात्र पिंपरीला, त्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून औषध काढायचे.

बिल्डिंगचं म्हणाल तर ती मूळची गव्हर्नरची पण नाहीच. ती जेझुइट पाद्र्यांची होती, सतराव्या शतकातली, चॅपेल आणि राहायची जागा. कंपनी सरकारने १७१९ मध्ये ती काढून घेतली, मग गव्हर्नर हवापालटाला यायला लागले आणि नंतर तिथेच राहायला. चॅपेलची झाली मेजवानीची खोली आणि नाचाचा हॉल. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आला तेव्हा मुक्काम इथेच. म्हणजे आधी देव, मग नाच, मग उंदीर. (प्लेगचे उंदीर कापायचे तिथे, म्हणून.)

आणि ताई एक गोष्ट तुमच्या लेखात आली नाही, परळचा बंगला रिकामा का झाला होता? गव्हर्नर फर्ग्युसन, तेच आपल्या फर्ग्युसन कॉलेजचे, त्यांची बायको १८८२ मध्ये कॉलऱ्याने गेली. परळ आधीच गिरण्यांनी आणि चाळींनी भरत चाललं होतं, साहेबांना ते नकोसं झालं, आणि मग कारभार मलबार पॉईंटला हलला. तर तुमचं प्लेगचं बरोबर आहे पण त्याच्या आधी कॉलरा आहे.

खिंडवाली

@लालबागची_पोर, अगं कसलं भारी लिहिलंयस! "आधी देव, मग नाच, मग उंदीर" हे मी ढापणार आहे. साथीला घाबरून सोडलेलं घर साथीच्या लशीला दिलं, हा दुवा मला हवाच होता.

मध्यरात्रीचा_चहा

हाफकिन साहेबाने लस आधी स्वतःला टोचून घेतली होती ना?

लालबागची_पोर

हो, १० जानेवारी १८९७, पण ते परळला नाही, भायखळ्याला ग्रँट मेडिकलमध्ये, तिथे त्याला एक खोली आणि व्हरांडा एवढीच जागा होती म्हणतात. नेहमीच्या डोसाच्या कितीतरी पट टोचून घेतली, ताप आला, तरी काम चालू. आणि या माणसाचं पुढे काय केलं माहितीये? १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल गावात लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली, खापर याच्यावर, निलंबन. प्रत्यक्षात तिथे बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक केला नाही असं निघालं. सुटायला १९०७ उजाडलं. संस्थेला त्याचं नाव दिलं ते १९२५ मध्ये. बाबा हे सांगताना अजूनही चिडतात.

भुयारी_मार्ग

कोणीच भुयाराबद्दल बोलत नाहीये?? मेन बिल्डिंगखाली भुयार आहे आणि ते शनिवारवाड्याला निघतं असं आम्हाला सीनियर्सनी सांगितलं होतं.

पंतोजी_६२

महाराष्ट्रातलं प्रत्येक भुयार शनिवारवाड्याला, रायगडाला किंवा काशीला निघतं. इमारतीखाली भुयारी वाट आहे, पण शनिवारवाड्याचं सोडा. १८६४ मध्ये इंग्रज गव्हर्नरला शनिवारवाड्यात गुपचूप जाऊन काय करायचं होतं? तोवर वाडा जळून छत्तीस वर्षं झाली होती.

मध्यरात्रीचा_चहा

हसून हसून पुरेवाट. "किंवा काशीला" =))

वाळकेश्वरचा_वाटसरू

भुयारावरून आठवलं, खरंखुरं भुयार बघायचं तर मलबार हिलचं राजभवन (आता लोकभवन). मी फेरीला गेलो होतो, ऑनलाइन बुकिंग करून सकाळी लवकर जायचं, ओळखपत्र मूळ न्यायचं. काही काळ बंद पण असते त्यामुळे आधी चौकशी करा.

जागा अशी की तीन बाजूंनी समुद्र. जवळपास पन्नास एकर, झाडी, मोर. मुंबईत आहोत यावर विश्वास बसत नाही, समोर मरीन ड्राइव्हची कमान दिसते म्हणून तेवढं पटतं. बंगले सगळे बसके आणि सुटे सुटे, नावं जल भूषण, जल चिंतन, जल विहार अशी. मुंबईची व्हीटी, हायकोर्ट बघून आपली अपेक्षा असते की गव्हर्नरचं घर म्हणजे मनोरे आणि घुमट, इथे तसलं काही नाही. एल्फिन्स्टनने १८२० च्या सुमाराला इथे छोटा बंगला बांधला तो हवा खायला, त्याच्यावर पुढच्यांनी खोल्या जोडत नेल्या. मला तर गणेशखिंडीपेक्षा हे आवडलं, घर घरासारखं वाटतं. जल भूषणची इमारत मात्र आता नव्याने बांधलेली आहे, २०२२ मध्ये उद्घाटन झालं.

आता बंकर. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सापडला. तिथल्या जुन्या लोकांनी सांगितलं की खाली भुयार आहे म्हणून, राज्यपाल विद्यासागर राव होते, त्यांनी बांधकाम खात्याला भिंत फोडायला सांगितली. आत निघाल्या तेरा खोल्या! दार वीस फूट उंच. प्रत्येक खोलीवर काय कशाची ते लिहिलेलं, शेल स्टोअर, कार्ट्रिज स्टोअर, पंप, वर्कशॉप. म्हणजे साहेबाच्या पळून जायची वाट वगैरे काही नाही, वरच्या तोफांना गोळे पुरवायचा हा गोदामखाना. गोळे वर चढवायला लिफ्टची जागा केलेली. मला सगळ्यात आवडलं ते हे की इतकी वर्षं बंद असून आत पाणी साचलं नव्हतं. समुद्र पावलावर, मुंबईचा पाऊस, आणि आत कोरडं. गटारं इतकी नीट काढलेली, वारा यायला झरोके, भिंतीत दिवे ठेवायला कोनाडे. आमच्या सोसायटीचं बेसमेंट दर जुलैमध्ये तुंबतं, २०१२ चं बांधकाम.

आता त्यात क्रांतिकारकांची गॅलरी केली आहे, चाफेकर पण आहेत. म्हणजे ज्या गव्हर्नरच्या पाहुण्याला त्यांनी मारलं त्याच्याच पुढच्या घराच्या तळघरात त्यांची तसबीर.

चिंचवडकर

@वाटसरू, शेवटच्या ओळीसाठी दंडवत. बुकिंग करतोच.

काचीगुडा_एक्स्प्रेस

नमस्कार मंडळी, हैद्राबादहून. आमची कोटीची रेसिडेन्सी घ्या की यादीत. निजामाच्या दरबारातल्या इंग्रज रेसिडेंटचं घर, जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिकने १८०३ च्या आसपास सुरू केलं. खर्च निजामाचा, थाट इंग्रजांचा, समोर मोठे मोठे खांब, पायऱ्यांशी दोन सिंह. याने खैरुन्निसा नावाच्या खानदानी मुलीशी लग्न केलं होतं, ती पडद्यात, मोठ्या घराभोवती उघड फिरता येत नव्हतं म्हणून तिच्यासाठी बागेत घराचं छोटं मॉडेल बांधून दिलं अशी आख्यायिका. मॉडेल खरंच आहे, कारण कोणी काहीही सांगो.

१८५७ च्या १७ जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन रोहिल्यांना घेऊन याच रेसिडेन्सीवर चालून गेले. स्वातंत्र्यानंतर तिथे मुलींचं कॉलेज आलं, माझी आई तिथेच शिकली. दरबार हॉलच्या लाकडी जिन्याखाली मैत्रिणींबरोबर डबा खायची, वरची झुंबरं धुळीने काळी झालेली आणि कबुतरं. डागडुजी होऊन आता चकाचक झालंय. आईला दाखवायला नेलं तर म्हणाली, फार स्वच्छ आहे, आमचं कॉलेज वाटत नाही.

संत्रानगरी

नागपूरचं राजभवन विसरले का बे सगळे? १८९१ चं आहे, सदरला, टेकडीवर. मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरसाठी बांधलेलं. आत जैवविविधता उद्यान केलंय, मोर आमच्याकडेही आहेत म्हणावं, मलबारवाल्यांनी उगा भाव खाऊ नये. मे महिन्यात साहेब तिथे राहतच नव्हता, सरळ पचमढीला पळायचा.

गारठलेला_कोकणी

एडिनबरात राहतो, इथल्या बोटॅनिक गार्डनशी दापोडीचा संबंध आहे हे लिहायलाच हवं. दापोडीच्या त्या गव्हर्नरच्या बंगल्यामागे सरकारी वनस्पती उद्यान होतं, डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचा प्रमुख. त्याने १८४७ ते १८५० च्या दरम्यान बागेतल्या झाडांची रंगीत चित्रं काढून घेतली, ती आज इथल्या संग्रहात आहेत, दापुरी ड्रॉइंग्ज म्हणून. मी छापील पुस्तकात बघितली. फांदीला किडीने खाल्लेलं पान असेल तर ते भोक पण रंगवलंय. काढणारा आपल्याकडचाच, बहुधा गोव्याकडचा किंवा मुंबईचा पोर्तुगीज वळणाचा ख्रिश्चन असावा असा अंदाज आहे, नाव मात्र गिब्सनने कुठे लिहून ठेवलं नाही. वर कोणीतरी दगड वाहणाऱ्यांचं म्हणालं, तसंच हे.

गणेशखिंडीचा बंगला सुरू झाल्यावर १८६५ मध्ये दापोडी विकली आणि बाग संपली.

नुसताच_वाचक

@गारठलेला_कोकणी, हे आवडलं. पुस्तक भारतात मिळतं का?

गारठलेला_कोकणी

जुन्या पुस्तकवाल्यांकडे शोधा, महाग आहे. ग्रंथालयात बघा आधी.

पेठेतली_सई

बाग पूर्ण संपली नाही हो. गणेशखिंडीत १८७३ मध्ये नवी बाग काढली, ती आजही आहे, औंध रोडला, कृषी महाविद्यालयाच्या ताब्यात. तिथल्या फळ संशोधन केंद्राची आंब्या-चिकूची कलमं आमच्या गावाकडे घेऊन जातात.

बाकी मला एक विचारायचं होतं, असल्या ठिकाणी आत सोडतात का? एका जुन्या सरकारी बंगल्यावर (नाव घेत नाही) गेलो होतो तर वॉचमनदादा म्हणाले फोटो काढायचा नाही, का विचारलं तर म्हणे साहेब झोपलेत. दुपारी बारा वाजता.

मध्यरात्रीचा_चहा

परंपरा जपतायत =)) पावसाळी मुक्काम असेल.

खिंडवाली

@पेठेतली_सई, विद्यापीठाचं आवार फिरायला अडचण येत नाही, मेन बिल्डिंग मात्र चालू ऑफिस आहे त्यामुळे आत शिरायचं तर ऑफिसच्या वेळेत, काहीतरी काम घेऊन, आणि कोणाच्या टेबलावर वाकून फोटो काढू नका. सभागृह कार्यक्रम असला की उघडं असतं, तेव्हा छत बघून घ्यायचं. हाफकिनला आधी परवानगी लागेल, लालबागच्या पोरीने नेलं तर सोप्पं. राज्यपालांचं पुण्यातलं राजभवन अजूनही गणेशखिंडीतच आहे, विद्यापीठाला लागून, तिथे मात्र गेटवरूनच नमस्कार.

जाता जाता, ज्या रस्त्याने रँडची गाडी आली त्यावर विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला आणि तेव्हापासून आपण सगळे तिथे खोळंबलोय. शनिवार-रविवारी सकाळी आठच्या आत पोचा.

लालबागची_पोर

बाबांशी बोलले. तिथे अजून एकजण ओळखीचे आहेत म्हणतात, ते परवानगीचं विचारून सांगतील. पाच-सहा जण झाले तर बरं, कोण कोण येणार ते इथेच कळवा. साप दाखवतीलच याची खात्री नाही.

चिंचवडकर

मी +१. बायको पण येईल, साप नसतील तर.